पाऊण चेहरा

बस म्हटलं, तर आत्या आधी खुर्चीच पुसायला लागली.
मग खिडकी. मग माझी रंगपेटी.
"एवढा पसारा, एका म्हातारीसाठी?"
शेवटी टेकली, पण अशी,
जणू पुढच्या थांब्यावर उतरायचंय.

एकतीस वर्षं चिआतुरात
तिनं लोखंडी पाळणा वरखाली केला.
खाली नदी, वर खाण,
मधे तारेला लटकलेली माणसं आणि त्यांचे जेवणाचे डबे.
कुणाची बायको रुसली, कुणाच्या छातीत काय शिरलंय,
साडेचार मिनिटांत तिला सगळं कळायचं,
आणि एका काठाची गोष्ट
ती दुसऱ्या काठावर उतरू द्यायची नाही.

मी त्याच पाळण्यात वाढलो.
आई थेस्सालोनिकीला, परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालत.
बापाबद्दल विचारलं की आत्या म्हणे,
"माझा भाऊ होता. जेव तू."
बाकाला टेकून गृहपाठ करायचो,
वारा सुटला की साताचा पाढा हलायचा,
माझे सात अजून तिरके येतात.

नाक आमच्या घराण्याचं,
त्याला माझी मदत लागली नाही.
ब्रश अडला तो वरच्या ओठापाशी.
आत्याबाईला मिशा असत्या तर, म्हणतात ना.
आमच्या नाझीब्रोला आत्याला आहेत.
थोड्या, रुपेरी, उजेड तिरका पडला तरच दिसणाऱ्या.
भीतभीत विचारलं, "मिशा काढू?"
"काढ की," ती म्हणाली.
चित्रात काढ, की चित्रातून काढ,
पुन्हा विचारायची छाती झाली नाही.
काढल्या.
सगळ्यात बारीक ब्रशनं, श्वास रोखून,
माझ्या शाळेच्या दाखल्यावर
पालकाच्या जागी सही करणाऱ्या त्या मिशा.

तिच्या कातडीसाठी मी जो तपकिरी पिळतो
त्यातही थोडं मँगनीज असतं.
सांगितलं, तर हसली नाही.
"म्हणजे विकत आणतोस?
चौकटीवरून बोट फिरव. फुकट आहे."

पण डावा हात.
मांडीवर ठेवला की तो शेजारणीकडून
उसना आणल्यासारखा दिसे.
सफरचंद दिलं, तिनं खाल्लं.
मांजर दिलं, ते गेलं.
लोकर दिली, तर दोन दिवसांत माझ्यासाठी एक मोजा झाला,
दुसरा अजून व्हायचाय.

मग एका दुपारी वीज गेली.
बोलता बोलता तिचा डोळा लागला,
बाहेर वारा, तावदान थरथरलं,
आणि झोपेतच तिचा हात उठून
खिडकीच्या खिटीवर गेला.
घट्ट नाही. नुसता ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
मी दिवा लागायची वाट पाहिली नाही.
काय रंगवतोय ते दिसत नव्हतं,
हात तेवढा बरोबर आला.

आता नवे पाळणे आलेत, काचेचे, आपोआप धावणारे.
ती एकदाच बसून आली.
"छान आहे," म्हणाली,
"पण त्याला सांगायचं कुणी, की म्हातारा शिओ
अजून पायऱ्यांवरच आहे, थांब म्हणून?"

काल तिला चित्र दाखवलं.
चष्मा लावला, काढला, पदरासारखा एप्रनच्या टोकानं पुसला.
मिशांवरून नजर गेली, थांबली नाही.
हातावर थांबली.
मग तिच्या मागे मी जो जुना पाळणा रंगवलाय
त्याकडे बोट केलं:
"दार उघडं ठेवलंयस."
"आत्या, तो उजेडासाठी..."
"माणसं आहेत आत."

ओल्या रंगातच, तिच्या देखरेखीखाली,
एक काळी रेघ ओढून मी दार लावलं.
तिनं वाकून नीट बघितलं. कडीसुद्धा काढून घेतली.
आणि मग ती बसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा
पाठ टेकून,
दोन्ही हात कुठेतरी टाकून, तोंड जरासं उघडं.

कमाल आहे.
म्हणजे आता सगळी पहिल्यापासून काढायची.